उस्तादास कायद्यात जागा का नाही?

‘उमेदवार’ हा शब्द कानी पडताच आज सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढे निवडणुकीस उभा राहिलेला, हात जोडून दारोदार फिरणारा गृहस्थ येतो. परंतु आपल्या भाषेत या शब्दास याहून जुना व याहून कष्टाचा एक अर्थ आहे. कचेरीत, पेढीवर अथवा कारखान्यात पुढेमागे कायमची जागा मिळेल या उमेदीने जो अल्प वेतनावर, प्रसंगी बिनपगारी, राबून काम शिकतो तो उमेदवार. आणि त्याचा तो शिकण्याचा काळ म्हणजे उमेदवारी. सरकारी कागदांत ‘शिकाऊ उमेदवार’ या जोडशब्दाच्या आश्रयाने हा अर्थ कसाबसा तग धरून आहे. बाजारात मात्र तो लोपत चालला आहे. मतांचे उमेदवार प्रत्येक निवडणुकीस उदंड होतात. पान्याचे, रंध्याचे आणि थापीचे उमेदवार विरळ होत चालले. शब्दाच्या अर्थात झालेला हा पालट समाजात झालेल्या पालटाचीच खूण होय, आणि त्याचा विचार करणे हा आजच्या लेखाचा हेतू आहे.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लक्ष. तीत शेकडा एकोणसत्तर आदिवासी. आणि साक्षरतेचे प्रमाण शेकडा चौसष्टाच्या आसपास, म्हणजे त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. २०१८ साली केंद्र सरकारने मागासलेल्या जिल्ह्यांस ‘आकांक्षित’ असे गोड नाव देऊन जी यादी केली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत आमचा समावेश झाला. हे आकडे वाचकांस नवे नाहीत. परंतु या आकड्यांच्या पोटात जे दृश्य दडलेले आहे त्याकडे पाहावयास आपण फारसे थांबत नाही. दिवाळी उरकली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे, नवापूर या तालुक्यांतील कुटुंबांची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस निघतात. त्यांत सोळा, अठरा, वीस वर्षांची धट्टीकट्टी मुले-मुली असतात. त्याच वेळी शहाद्याच्या बागाईतदाराची विहिरीवरील मोटार जळाली तर ती बांधून देणाऱ्याच्या दारी त्यास खेपा घालाव्या लागतात. घराचे वायरिंग करणारा वायरमन, ट्रॅक्टरचे इंजिन खोलून पुन्हा नीट बसविणारा फिटर, ओळंबा न चुकविणारा गवंडी यांची वाट पाहण्यात गिऱ्हाइकाचे आठवडे जातात. एकीकडे हात रिकामे म्हणून माणूस देश सोडतो, दुसरीकडे हात मिळत नाहीत म्हणून काम खोळंबते. या दोहोंस जोडणारा जो पूल, त्याचेच नाव उमेदवारी. आणि तो पूल आज मोडकळीस आला आहे.

तो पूर्वी फार सुंदर होता असे म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. गावगाड्यात सुताराचा मुलगा रंधा आणि लोहाराचा मुलगा भाता धरीत असे, हे खरे; परंतु जन्म चुकला तर कितीही बुद्धी असली तरी त्यास ऐरणीपाशी उभे राहता येत नसे, हेही तितकेच खरे. भिल्ल, पावरा, मावची यांच्या मुलांस तर त्या व्यवस्थेत स्थानच नव्हते. शहरांतील शागिर्दीही काही गुरुकुल नव्हते. आठ-दहा वर्षांच्या पोराने दुकान झाडावे, चहा आणावा, शिव्या खाव्या आणि उस्तादाची लहर लागेल तेव्हा चार गोष्टी पाहून घ्याव्या, अशी ती रीत. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने व बालकामगारांसंबंधीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास दुकानात राबविण्याची ती वाट बंद झाली, ही गोष्ट योग्यच झाली. आमची तक्रार एवढीच की, वाईट वाट बंद करताना चौदा ते एकवीस या वयासाठी चांगली वाट कोणी बांधली नाही.

कायदे झाले नाहीत असे मात्र नाही. १८५० साली कंपनी सरकारने अनाथ व गरीब मुलांस धंदा शिकण्यासाठी करार करून मालकाच्या हाती सोपविण्याचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली त्याच्या जागी शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा आला. १९७३ साली पदवीधर व पदविकाधारक यांस त्यात जागा मिळाली. तरीही २०१४ साली सरकारनेच सांगितलेला हिशेब असा की, साऱ्या देशात उमेदवारांच्या जागा ४ लक्ष ९० हजार आणि त्यांवर प्रत्यक्ष शिकणारे २ लक्ष ८२ हजार. शंभर कोटींहून अधिक वस्तीच्या देशात जागाच मुळी मूठभर, आणि त्याही अर्ध्याच्या आसपास रिकाम्या! २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात दिलेली तुलना याहूनही मनाला झोंबणारी आहे. रीतसर धंदेशिक्षण मिळालेले कामकरी आपल्याकडे शेकडा पाचही नाहीत. जर्मनीत पंचाहत्तर, दक्षिण कोरियात शहाण्णव.

मग २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मालकास तुरुंगाची जी भीती होती ती काढली गेली. २०१९ च्या नियमदुरुस्तीने असे ठरले की, तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने आपल्या माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत. चार ते एकोणतीस माणसे असतील त्याने वाटल्यास घ्यावेत. आणि चारांहून कमी माणसे असतील त्यास घेताच येणार नाहीत. वाचकहो, या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबा. आमच्या सर्व विवेचनाचे मर्म तेथे आहे. नंदुरबार, शहादे, नवापूर येथील बाजारपेठांतून एक फेरी मारा आणि मोटार वाइंडिंगची, वेल्डिंगची, गॅरेजची, सुतारकामाची, शिवणकामाची दुकाने पाहा. त्यांपैकी कितींत चार माणसे कामास आहेत? बहुतेकांत एक उस्ताद, फार तर एक हाताखालचा. म्हणजे ज्याच्यापाशी विद्या आहे तो कायद्याच्या दृष्टीने शिक्षकच नव्हे. आणि ज्या कारखान्यास कायदा शिक्षक मानतो तसे कारखाने आमच्या डोंगरी तालुक्यांत शोधून सापडावयाचे नाहीत. शिवाय तीस माणसांच्या कारखान्याचे अडीच टक्के म्हणजे पुरता एक मनुष्यही होत नाही! आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

यावर कोणी म्हणेल की, एकट्यादुकट्या माणसाच्या हाती विद्यार्थी सोपविणे हे धोक्याचे आहे. त्यावर देखरेख कशी ठेवावी? आमच्या व्यापारी वाचकांस याचे उत्तर पुस्तकांत शोधण्याची गरज नाही. आपले हिशेब जो तपासतो त्या चार्टर्ड अकाउंटंटाच्या कचेरीत त्यांनी डोकावून पाहावे. तेथे कोपऱ्यातील टेबलावर वह्यांत डोके खुपसून बसलेला जो विद्यार्थी दिसतो तो उमेदवारच होय. १९४९ च्या कायद्याने स्थापलेल्या संस्थेच्या दफ्तरी त्याचा करार नोंदलेला असतो. त्यास किमान विद्यावेतन किती द्यावे हे ठरलेले असते. पूर्वी तीन वर्षे आणि २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षे त्यास अशी सेवा करावी लागते. आणि अखेरची परीक्षा त्याचा गुरू घेत नाही, संस्था घेते. विशेष हे की, एका खोलीत एकटाच धंदा करणारा अकाउंटंटही असा विद्यार्थी ठेवू शकतो. नव्या डॉक्टरासही एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी केल्यावाचून धंद्याची सनद मिळत नाही. आम्हां वकिलांची सक्तीची उमेदवारी कायद्यातून गेली खरी; १९९५ साली बार कौन्सिलने ती पुन्हा सुरू करण्याचा यत्न केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला. तरीही एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली दोन वर्षे कागद चाळल्याशिवाय कोणास कोर्टात उभे राहण्याचे धैर्य होत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

तेव्हा उमेदवारी मेली असे म्हणणे चूक आहे. पांढरपेशांसाठी ती जिवंत आहे, कायद्याने रक्षिलेली आहे आणि प्रतिष्ठित आहे. मेली ती हाताने काम करणाऱ्यांपुरती. हिशेबनीस एकटा असला तरी गुरू, आणि वीस वर्षे मोटारी बांधणारा उस्ताद एकटा असला तर कोणीच नव्हे, हा भेद कोणत्या न्यायशास्त्रात बसतो? आमच्या मते यामागे कायद्याची अडचण थोडी असून हातकामाकडे तुच्छतेने पाहण्याची आमची जुनी खोड मोठी आहे. जातीने जे शिकविले तेच नकळत नियमांत उतरले आहे.

आता उस्ताद स्वतः काय म्हणतो तेही ऐकले पाहिजे. तो म्हणतो, ‘मी पोराला सहा महिने शिकवतो, माझा माल तो बिघडवतो, माझा वेळ खातो, आणि हात बसला की समोरच दुकान थाटतो, नाही तर सुरतेस निघून जातो. मला काय मिळाले?’ हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या कारखानदाराचीही अडचण हीच: आपण शिकवावे आणि शेजाऱ्याने दोन हजार अधिक देऊन माणूस उचलावा. शिकविण्याचा खर्च एकाचा आणि लाभ साऱ्या गावाचा, अशी जेथे स्थिती असते तेथे कोणीच शिकवीत नाही. म्हणून तो खर्च गावाने किंवा सरकारने वाटून घ्यावा लागतो. मुलाच्या बापाचेही गाऱ्हाणे आहे. मुकादमाची उचल आज हातात पडते. विद्यावेतन केव्हा मिळेल आणि मिळेल की नाही, कोण जाणे. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे त्यास दोन वर्षांनंतरच्या समृद्धीचे व्याख्यान देणे हा शहाणपणा नव्हे. आणि खुद्द उमेदवाराचा अनुभव पाहावा तर २० मार्च २०१८ रोजी मुंबईत माटुंगा व दादर यांच्या दरम्यान रेल्वेत उमेदवारी केलेले तरुण रुळांवर येऊन बसले आणि सकाळची लोकल वाहतूक ठप्प झाली. आम्हांस शिकविले, मग ठेवीत का नाही, एवढाच त्यांचा सवाल होता. कायदा सांगतो की उमेदवार हा कामगार नव्हे, आणि त्यास नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परिवहन मंडळाच्या खटल्यात १९९५ साली असे मात्र ठरविले आहे की, इतर गोष्टी समान असल्यास शिकून तयार झालेल्या उमेदवारास बाहेरच्यापेक्षा अग्रक्रम द्यावा. हा निकाल किती कचेऱ्यांत पाळला जातो, हे विचारण्यासारखे आहे.

सरकार स्वस्थ बसले आहे असा आमचा आक्षेप नाही. योजनांचा तर पूर आला आहे. २०१६ साली केंद्राने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, मासिक दीड हजारांच्या मर्यादेत, आपल्याकडे घेतला. २०२३ च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. तीत अठरा धंद्यांच्या कारागिरांस पंधरा हजारांची हत्यारे, अल्प व्याजाचे कर्ज आणि दिवसाला पाचशे रुपये देऊन पाच ते सात दिवसांचे शिक्षण आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्र्यांच्या नावे कार्यप्रशिक्षणाची योजना काढून बारावी झालेल्यास सहा, पदविकाधारकास आठ व पदवीधरास दहा हजार रुपये महिना दिला. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिन्यांची झाली. यांतील कोणतीच गोष्ट निरुपयोगी नाही. पण सात दिवसांत सुतार होत नाही, आणि कचेरीत सहा महिने कागद इकडचे तिकडे केल्याने कसब हाती येत नाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही असे आपण म्हणतो. येथे घाव घालणाऱ्या शिल्पकारासच कोणी बोलावलेले नाही. पैसा शिकणाऱ्यास मिळतो, मालकास मिळतो, संस्थेस मिळतो. शिकविणाऱ्या उस्तादास शिकविण्याबद्दल काय मिळते?

उपाय सुचविण्यापूर्वी एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. उस्तादाकडे मुले पाठवा असे म्हणताच काहींस असे वाटेल की, बापाचा धंदा मुलाने शिकावा म्हणजे झाले. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली होती. हेतू कसाही असो, तिचा परिणाम न्हाव्याचा न्हावी व परटाचा परीट राहण्यात होणार, हे लोकांनी ओळखले. मोठा विरोध झाला आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. पिढीजात धंद्यावरच भर राहील याच शंकेने तामिळनाडूने २०२४ साली विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात स्वीकारण्याचे नाकारले व स्वतःची निराळी योजना काढली. आम्हांस पाहिजे ती उमेदवारी याच्या नेमकी उलट आहे. लोहाराच्या ऐरणीपाशी पावऱ्याची मुलगी उभी राहिली पाहिजे. तरच तिला सुधारणा म्हणता येईल.

तेव्हा आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. पहिली, चारांच्या खालच्या आस्थापनांवरील बंदी उठवून, ज्याने स्वतःच्या कसबाची परीक्षा दिली आहे अशा एकट्या उस्तादासही दोनपर्यंत उमेदवार ठेवण्याची परवानगी द्यावी. करार एका पानाचा, मराठीत आणि बिनखर्चाचा असावा. दुसरी, उस्तादास शिकविण्याचे मानधन द्यावे. त्यातील अर्धे दरमहा आणि अर्धे उमेदवार परीक्षेत उतरल्यावर. म्हणजे मुलाकडून नुसता चहा आणवून घेण्यात त्याचा लाभ राहणार नाही. तिसरी, आठवड्यातून एक दिवस उमेदवाराने जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन नकाशावाचन, हिशेब व सुरक्षिततेचे नियम शिकावे, आणि अखेरची परीक्षा त्या संस्थेने घ्यावी, उस्तादाने नव्हे. जर्मनीत हेच चालते. तेथे चार-पाच माणसांच्या सुतारखान्यातही उमेदवार असतो. परीक्षा कारागिरांची व व्यापाऱ्यांची मंडळे घेतात. आणि उस्ताद म्हणविण्यापूर्वी त्यास कसबाबरोबर शिकविण्याचीही परीक्षा द्यावी लागते. चौथी, आपल्याच मुलास उमेदवार दाखवून मानधन घेण्यास मनाई असावी. अनुसूचित जाती-जमातींसाठी कायद्याने जागा राखलेल्या आहेतच, त्या आमच्या जिल्ह्यात जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात धराव्या. आणि मुलींस शिवणयंत्राखेरीज दुसरे यंत्र असते हे मान्य करावे. धडगावच्या मुलास शहाद्यात राहावयाचे तर आदिवासी वसतिगृहाचे दार उमेदवारासही उघडे पाहिजे, आणि विद्यावेतन महिन्याच्या ठरल्या तारखेस त्याच्या स्वतःच्या बँकखात्यात पडले पाहिजे. नाही तर मुकादमाची उचल जिंकणार हे ठरलेले. पेसाच्या गावांतील ग्रामसभांस २०१५ पासून आदिवासी योजनेचा पाच टक्के अबंध निधी मिळतो. त्यातून आपल्या गावची दोन मुले उमेदवारीस पाठविण्याचा ठराव एखाद्या ग्रामसभेने केला तर तो रस्त्याच्या काँक्रिटाइतकाच टिकाऊ ठरेल.

यावर कामगारांच्या हितचिंतकांचा एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उमेदवार हा कायद्याने कामगार नसल्यामुळे स्वस्त मजूर मिळविण्याची ही पळवाट होईल, असे ते म्हणतात. मोठ्या कारखान्यांत कायम माणूस न घेता वर्षावर्षाचे उमेदवार पालटीत राहण्याची युक्ती अशक्य नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच दोन उमेदवारांची मर्यादा, ठराविक मुदत, बँकेतून विद्यावेतन आणि बाहेरची परीक्षा या चार खुंट्या आम्ही आधीच ठोकल्या. ज्याचे उमेदवार लागोपाठ दोनदा परीक्षेत नापास होतील त्याची परवानगी काढून घ्यावी, ही पाचवी.

परंतु दिल्लीचा नियम बदलेपर्यंत नंदुरबारने हात बांधून बसावे काय? कायद्याच्या आठव्या कलमात अशी सोय आहे की, अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा संमत संस्थेच्या द्वारे, उमेदवारांच्या शिक्षणाची व्यवस्था करावी. एकट्या उस्तादास जे करता येत नाही ते दहा उस्तादांच्या संघास करता यावे, असा या तरतुदीचा उदार अर्थ लावण्यास काय हरकत आहे? बाजारपेठेतील एखादी व्यापारी संस्था, सहकारी बँक, साखर कारखाना किंवा नगरपालिका यांपैकी कोणीही पुढे होऊन असा संघ बांधावा व परवानगी मागावी. मिळाली तर उत्तम. नाकारली गेली तर नियमात उणीव कोठे आहे ते लेखी सिद्ध होईल आणि मागणीस बळ येईल.

पैसा कोठून आणावा, असे विचारणाऱ्यांस आम्ही तळेगावची आठवण देतो. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. तो नुसता कारखाना नव्हता, तर काच फुंकावयास शिकण्याची शाळा होती. तेथे तयार झालेली माणसे देशभर पसरली व त्यांनी ठिकठिकाणी काचेचे कारखाने चालविले. परकीय सरकार विन्मुख असता, एका पैशाच्या बळावर आपल्या वडीलधाऱ्यांनी हे केले. आज सरकार आपले आहे आणि पेढ्या भरलेल्या आहेत. ज्या बाजारात मिरचीच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, त्या बाजाराने प्रत्येक गाडीमागे अगदी क्षुल्लक रक्कम बाजूस काढली तरी पहिल्या वर्षी पंचवीस उमेदवारांची सोय होण्यास अडचण पडू नये. आणि यात परोपकार कमी, स्वार्थच अधिक आहे; कारण ट्रॅक्टर बंद पडला तर माल अडतो, आणि माल अडला तर पेढी अडते.

उमेदवार या शब्दात ‘उमेद’ आहे हे विसरता कामा नये. ज्यास शिकविणारा नाही त्यास उमेद कसली? पुढच्या दिवाळीनंतर जे तांडे सीमेपलीकडे जातील त्यांतील चार मुले-मुली जरी बाजारातल्या एखाद्या उस्तादाच्या दुकानात थांबली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. कायद्याने उस्तादास जागा द्यावी, ही मागणी सरकारकडे आहे. आपल्या दुकानात एका मुलास जागा द्यावी, ही विनंती आमच्या वाचकांस आहे. आणि तिला सरकारच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मूल चौदा वर्षांवरचे असावे, त्यास वाजवी रोजमुरा मिळावा, आणि त्याची जात विचारू नये, इतकेच पुरे.